ठरवतो एक, शिकवतो दुसरे, विचारतो तिसरे

एका छोट्या प्रश्नाने सुरुवात करू. पाच अगदी सारखे बल्ब आहेत आणि तीन सारख्या बॅटऱ्या. पहिल्या बॅटरीला एकच बल्ब जोडला आहे. त्याला 'अ' म्हणू. दुसऱ्या बॅटरीला 'ब' आणि 'क' हे दोन बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक जोडले आहेत. तिसऱ्या बॅटरीला 'ड' आणि 'इ' हे दोन बल्ब समांतर जोडले आहेत. बॅटऱ्या ताज्या आहेत आणि त्यांचा अंतर्गत रोध नगण्य आहे. आता हे पाच बल्ब किती तेजस्वी दिसतील त्याचा क्रम लावा आणि कारण सांगा. आकडेमोड करायची नाही.

पुढे वाचण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहून ठेवावे, अशी विनंती आहे.

उत्तर असे : अ, ड आणि इ हे तिघे सारखेच तेजस्वी दिसतील. ब आणि क एकमेकांइतकेच, पण या तिघांपेक्षा मंद दिसतील. ड आणि इ या प्रत्येकाला बॅटरीचे पूर्ण विभवांतर मिळते, जसे ते एकट्या अ ला मिळते. ब आणि क यांच्यात मात्र ते विभवांतर निम्मे निम्मे वाटले जाते. शिवाय दोन रोध एकापुढे एक आल्यामुळे धाराही अ पेक्षा कमी वाहते.

हा प्रश्न अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅक्डरमॉट आणि पीटर शॅफर यांनी भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारला होता. १९९२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्ण बरोबर उत्तर देणारे विद्यार्थी सुमारे १५ टक्केच निघाले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, प्रश्न व्याख्यानांच्या आधी विचारला काय किंवा नंतर विचारला काय, हा आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. हे विद्यार्थी अभ्यासात कच्चे होते असे नाही. याहून कितीतरी गुंतागुंतीच्या परिपथांवरची उदाहरणे ते सूत्र वापरून सोडवीत होते.

हार्वर्ड विद्यापीठातील एरिक माझूर यांनाही असाच अनुभव आला. एकाच परीक्षेत विद्युत परिपथावरचे नेहमीचे गणिती उदाहरण आणि साधा दिसणारा संकल्पनेचा प्रश्न, असे दोन्ही त्यांनी घातले. उदाहरणात चांगले गुण मिळवणारे कित्येक विद्यार्थी संकल्पनेच्या प्रश्नात अडखळले. १९९७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ही हकीकत सविस्तर दिली आहे.

मग दोष कोणाचा? शिक्षकांनी शिकवले होते, विद्यार्थ्यांनी अभ्यास केला होता, परीक्षाही रीतसर झाली होती. आमच्या मते, दोष या सर्वांच्या मधल्या फटीत आहे. अभ्यासक्रम म्हणत होता, 'विद्यार्थ्यांना परिपथ समजावा.' वर्गात शिकवली जात होती सूत्रे. परीक्षेत विचारली जात होती सूत्रात किमती घालण्याची उदाहरणे. ज्यांना परिपथ समजला नव्हता त्यांना ते कळण्याची सोयच नव्हती, कारण गुण तर मिळत होते. या लेखात आपण याच फटीचा विचार करणार आहोत.

चार प्रश्न, एक रेषा

हा विचार तसा नवा नाही. १९४९ साली राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने अभ्यासक्रमाविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने चार प्रश्न मांडले. शाळेने कोणती उद्दिष्टे साधायची? त्यासाठी विद्यार्थ्यांना कोणते अनुभव द्यायचे? ते अनुभव कोणत्या क्रमाने गुंफायचे? आणि उद्दिष्टे साधली की नाही, हे कसे ठरवायचे? बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली त्यात महत्त्वाची भर घातली. चाचणीनंतर ज्याला जे आले नाही त्याला ते दुसऱ्या प्रकारे शिकण्याची संधी द्यावी आणि मग पुन्हा तपासावे, असे त्यांनी मांडले. पुढे १९९६ मध्ये जॉन बिग्ज यांनी उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन यांच्या जुळणीवर भर दिला. विद्यार्थ्याने जे करून दाखवावे असे आपण म्हणतो, तेच त्याने वर्गात केले पाहिजे आणि तेच परीक्षेत तपासले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय.

माध्यमिक शाळेच्या भाषेत सांगायचे तर चार गोष्टी एका रेषेत याव्या लागतात : आपण काय ठरवतो, काय शिकवतो, काय विचारतो आणि अडलेल्याला काय मदत करतो.

आपल्याकडे या चारही गोष्टींची नावे आहेत. अध्ययन निष्पत्ती आहेत, घटक नियोजन आणि टाचण आहे, संविधान तक्ता आहे, उपचारात्मक अध्यापन आहे. प्रत्येकाची वेगळी वही किंवा फाईल असते. अडचण एवढीच, की या वह्या एकमेकींशी बोलत नाहीत.

रेषा आजही आहे, पण उलटी

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्या शाळांत जुळणी मुळीच नाही असे म्हणणे खरे नाही. जुळणी आहे आणि ती चांगली घट्ट आहे. फक्त ती दुसऱ्या टोकापासून आखलेली आहे. प्रश्नपत्रिकेत व्याख्या, नियम, फरक आणि ठरावीक उदाहरणे येतात. म्हणून वर्गात व्याख्या, नियम, फरक आणि ठरावीक उदाहरणे होतात. अडलेल्यांना मदत म्हणून अपेक्षित प्रश्नसंच, गाइड आणि शिकवणी मिळते. तिन्ही गोष्टी एका रेषेत आहेत. रेषेबाहेर राहते ते फक्त उद्दिष्ट. ते पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर छापलेले असते आणि तिथेच राहते.

म्हणून केवळ 'जुळणी करा' एवढे सांगून भागत नाही. परीक्षा आहे तशीच ठेवून बाकी सारे तिच्याशी जुळवले, तर शिकणे आणखी अरुंद होते. रेषा उद्दिष्टापासून आखायला हवी. परीक्षा हे रेषेवरचे तिसरे ठाणे आहे, पहिले नव्हे.

या उलट्या रेषेची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत त्याला मदत बाहेरून विकत मिळते. ज्याच्या घरी नाहीत त्याच्यासाठी शाळेतील तासिका हीच सगळी मदत. तिथे त्याला 'पुन्हा पाठ कर' एवढेच सांगितले गेले, तर नववीत तो मागे पडतो, दहावीत कसाबसा निघतो किंवा अडकतो, आणि विज्ञान आपल्यासाठी नाही अशी त्याची पक्की समजूत होते. जुळणीचा प्रश्न कागदोपत्री वाटला तरी त्याचे हे टोक माणसांपर्यंत पोचते.

पहिले ठाणे : क्रियापद बदलून पाहा

आता एक घटक घेऊन ही रेषा प्रत्यक्ष आखून पाहू. २०१७ साली आलेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात 'धाराविद्युत' हे प्रकरण आहे. सुरुवातीचा बल्बांचा प्रश्न याच प्रकरणातला म्हणता येईल.

टाचणात आपण साधारणपणे असे उद्दिष्ट लिहितो : 'विद्यार्थ्यांना एकसर व समांतर जोडणी समजेल.' या वाक्यात 'समजेल' हे क्रियापद फार सोयीचे आहे. ते कधी खोटे ठरत नाही, कारण ते तपासताच येत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहू :

'दोन-तीन बल्बांचा साधा परिपथ दिल्यास कोणता बल्ब अधिक तेजस्वी दिसेल हे विद्यार्थी आधी सांगतो, धारा व विभवांतर यांच्या आधारे कारण देतो आणि परिपथ जोडून पडताळून पाहतो.'

यात तीन क्रियापदे आहेत : सांगतो, कारण देतो, पडताळतो. तिन्ही डोळ्यांना दिसणारी आणि कानांना ऐकू येणारी आहेत. गंमत अशी, की उद्दिष्ट असे लिहिले की पुढचे काम निम्मे होते. वर्गात काय करायचे तेही त्यात आले आणि परीक्षेत काय विचारायचे तेही आले.

एका घटकासाठी अशी दहा-बारा उद्दिष्टे लिहू नयेत. तीन किंवा चार पुरेत. ओहमच्या नियमावर एक, जोडण्यांवर एक, वाहक-विसंवाहकांवर एक. ज्यावाचून पुढे दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' शिकताना मूल अडेल, ते आधी निवडावे.

दुसरे ठाणे : वर्गात तेच घडावे

विद्यार्थ्याने आधी अंदाज सांगावा आणि कारण द्यावे असे आपण ठरवले असेल, तर वर्गात त्याला अंदाज सांगण्याची व कारण देण्याची सवय लागली पाहिजे. फळ्यावर शिक्षकांनी उदाहरण सोडवून दाखवणे आणि मुलांनी ते उतरवून घेणे, यात ती सवय लागत नाही.

साहित्य फार लागत नाही. दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे तीन-चार सारखे बल्ब, थोडी तार आणि चिकटपट्टी. एक सूचना मात्र हवी. हल्लीच्या टॉर्चमध्ये एलईडी असतात. ते एकाच दिशेने धारा वाहू देतात आणि ठरावीक विभवांतराखाली पेटतच नाहीत, त्यामुळे या प्रयोगाला ते चालत नाहीत. तारेचा जुना बल्बच हवा. तो विजेच्या सामानाच्या दुकानात विचारून पाहावा किंवा प्रयोगशाळेच्या कपाटात शोधावा. सेल ताजे हवेत. जुने असले तर समांतर जोडणीत बल्ब थोडे मंदावतात आणि मुलांच्या मनात नसता घोळ होतो.

आता पाठाचा क्रम. एक बल्ब पेटवून दाखवावा. मग विचारावे, 'याच्यापुढे अगदी असाच दुसरा बल्ब एकसर जोडला, तर काय होईल?' चार पर्याय फळ्यावर लिहावेत : १) पहिला तेजस्वी, दुसरा मंद. २) दोन्ही सारखे आणि आधीइतकेच तेजस्वी. ३) दोन्ही सारखे, पण आधीपेक्षा मंद. ४) पहिला मंद, दुसरा तेजस्वी. प्रत्येकाने आपला पर्याय बोटांनी, छातीशी हात धरून दाखवावा, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून बोट बदलले जात नाही. साठ मुलांचा वर्ग असला तरी अर्ध्या मिनिटात शिक्षकांना सगळा वर्ग वाचता येतो.

मग दोन मिनिटे शेजाऱ्याशी वाद घालू द्यावा. पुन्हा बोटे दाखवावीत. त्यानंतरच दुसरा बल्ब जोडावा. माझूर यांनी हार्वर्डच्या मोठ्या वर्गात हीच युक्ती वापरली : आधी प्रत्येकाचे मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. युक्ती बिनखर्चाची आहे आणि आपल्या बाकांवर ती सहज बसते.

पहिला पर्याय निवडणारी मुले बरीच निघतील. त्यांच्या मनात 'पहिला बल्ब थोडी वीज खाऊन टाकतो, उरलेली दुसऱ्याला मिळते' असे चित्र असते. मॅक्डरमॉट आणि शॅफर यांनाही ते विद्यापीठातील तरुणांत आढळले. दुसरा पर्याय निवडणाऱ्यांच्या मनात 'बॅटरी नेहमी ठरावीकच धारा देते' अशी समजूत असू शकते. या समजुती मूर्खपणाच्या नाहीत. घरात विजेचे बिल येते, 'वीज वापरली' असे आपण रोज म्हणतो; मग मुलाने तसे मानले तर नवल काय? खर्च होते ती ऊर्जा; धारा खर्च होत नाही. जेवढी धारा बल्बात शिरते तेवढीच बाहेर पडते. हे ॲमीटर आधी बल्बाच्या अलीकडे आणि मग पलीकडे जोडून दाखवावे. पाठ्यपुस्तकातील वाक्यापेक्षा काट्याचे ते न हलणे मुलांच्या अधिक लक्षात राहते.

तिसरे ठाणे : विचारावे तेच, जे ठरवले

आता घटक चाचणी. नेहमीचा प्रश्न असतो : 'एकसर व समांतर जोडणीतील फरक लिहा.' चार मुद्दे, चार गुण. हा प्रश्न वाईट नाही. पण तो आपल्या उद्दिष्टाचा नाही. फरक पाठ करून चार गुण मिळवणारा विद्यार्थी पाच बल्बांचा क्रम लावू शकेल याची काही खात्री नाही.

उद्दिष्टाशी जुळणारे तीन प्रश्न पाहा.

पहिला : 'दहा ओहमचे दोन रोधक तीन व्होल्टच्या बॅटरीला अ) एकसर, आ) समांतर जोडले. प्रत्येक वेळी बॅटरीतून किती धारा वाहील?' एकसर जोडणीत एकूण रोध २० ओहम, म्हणून धारा ०.१५ अँपिअर. समांतर जोडणीत एकूण रोध ५ ओहम, म्हणून ०.६ अँपिअर. हे नेहमीचे उदाहरण आहे आणि ते असावेच.

दुसरा : 'समांतर जोडलेल्या दोन बल्बांपैकी एक काढून घेतला. दुसऱ्याच्या तेजस्वीपणात काय फरक पडेल? बॅटरीतून वाहणाऱ्या धारेत काय फरक पडेल? कारणे द्या.' दुसरा बल्ब होता तसाच राहील, पण बॅटरीतून वाहणारी धारा निम्मी होईल. येथे सूत्र पाठ असून भागत नाही.

तिसरा : 'एका तारेवर १, २ आणि ३ व्होल्ट विभवांतर दिले असता धारा ०.१, ०.२ आणि ०.३ अँपिअर आली. एका बल्बावर तेवढेच विभवांतर दिले असता ती ०.१५, ०.२२ आणि ०.२७ अँपिअर आली. यांपैकी ओहमचा नियम कोण पाळतो? कशावरून?' तारेचा रोध तिन्ही वेळा १० ओहम येतो. बल्बाचा सुमारे ६.७ पासून ११.१ ओहमपर्यंत वाढत जातो, कारण आतली तार तापत जाते. ओहमच्या नियमात 'भौतिक अवस्था कायम असताना' हे शब्द का आहेत, ते इथे कळते. नियम तोंडपाठ असणाऱ्यालाही या प्रश्नापाशी क्षणभर थांबावे लागते.

गुणदानही जुळले पाहिजे. दुसऱ्या प्रश्नाला चार गुण असतील, तर दोन अचूक उत्तरांना एकेक आणि दोन कारणांना एकेक गुण द्यावा. नुसते 'काही फरक पडणार नाही' असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले, तर कारण द्यायची गरज नाही असा निरोप वर्गात पोचतो. मुले आपल्या भाषणापेक्षा आपल्या गुणदानावर अधिक विश्वास ठेवतात.

संविधान तक्ता आपण सगळेच भरतो. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य असे रकाने त्यात असतात. पण 'उपयोजन' या रकान्यात टाकलेला प्रश्न वर्गात जसाच्या तसा सोडवून घेतलेला असेल, तर तो आता स्मरणाचाच प्रश्न झाला. प्रश्न कोणत्या रकान्यात बसतो हे शब्दांवरून ठरत नाही. मुलाने तो आधी पाहिला आहे की नाही, यावरून ठरते.

चौथे ठाणे : मदत एकच नसते

घटक चाचणी झाली. दहा मुलांना निम्म्यापेक्षा कमी गुण मिळाले. आता नेहमीची पद्धत म्हणजे या दहाजणांना शाळा सुटल्यावर थांबवून तोच पाठ पुन्हा शिकवणे. पण ही दहा मुले एकाच ठिकाणी अडलेली नसतात.

काहीजण संकल्पनेत अडलेले असतात. 'पहिला बल्ब वीज खातो' हे चित्र अजून पुसले गेलेले नाही. त्यांना पाठ पुन्हा ऐकवून उपयोग नाही. त्यांच्या हातात ॲमीटर आणि बल्ब द्यायला हवेत.

काहीजण अंकगणितात अडलेले असतात. दहा ओहमचे दोन रोधक समांतर असताना एखादा मुलगा १/१० आणि १/१० यांची बेरीज २/२० करतो आणि उत्तर १० ओहम लिहितो. दुसरी मुलगी बेरीज बरोबर १/५ करते, पण अपूर्णांक उलटा करायला विसरते आणि ०.२ ओहम लिहिते. पहिल्याला अपूर्णांकांची बेरीज शिकायची आहे, विद्युतशास्त्र नव्हे. दुसरीला फक्त एक सवय लावायची आहे : समांतर जोडणीचा एकूण रोध सर्वांत लहान रोधापेक्षा लहान असतो, पण अशा दोन सारख्या रोधांचा तो त्यांच्या निम्मा येतो, हे उत्तराशी ताडून पाहण्याची.

आणि काहीजण भाषेत अडलेले असतात. 'समांतर' हा शब्द त्यांना भूमितीत भेटलेला असतो. आकृतीत तारा समांतर रेषांसारख्या काढल्या असतील तरच ती समांतर जोडणी, असे त्यांना वाटते. तीच जोडणी तिरपी काढली की ती ओळखू येत नाही. यावर उपाय सोपा आहे : एकच परिपथ चार वेगवेगळ्या प्रकारे काढून 'यांत एकसारखे कोणते?' असे विचारावे. पाठ्यपुस्तकाची भाषा हाच कित्येक मुलांचा मुख्य अडसर असतो, हे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्या वर्षांतील कामातून दाखवून दिले होते. हे केंद्र १९७४ साली सुरू झाले.

म्हणून चाचणी तपासताना गुणांबरोबर एक खूण करावी : 'सं', 'ग' किंवा 'भा' – संकल्पना, गणित, भाषा. पेपर तपासायला त्याने फार वेळ लागत नाही. मग दहा मुलांचे तीन लहान गट होतात आणि प्रत्येक गटाला त्याची मदत मिळते. त्यानंतर नव्या प्रश्नाने पुन्हा तपासावे. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर उत्तर पाठ झाले एवढेच कळेल.

यासाठी वेळ कोठून आणायचा? समजा घटकाला दहा तासिका आहेत. चाचणी दहाव्या तासिकेनंतर घेतली तर मदतीला जागाच उरत नाही. ती सातव्या तासिकेला, छोटी, पंधरा मिनिटांची घ्यावी आणि शेवटच्या दोन तासिका राखून ठेवाव्यात. ज्यांना मदतीची गरज नाही त्यांना त्या वेळात अवघड परिपथ द्यावेत.

गुणांविषयी आणखी एक गोष्ट. १९८८ साली इस्राएलमधील रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाला फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त लेखी शेरा, तिसऱ्याला गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरा मिळालेल्यांच्या. गुण दिसले की मुले शेरा वाचतच नाहीत, असा याचा अर्थ लावता येतो. संकलित परीक्षेत गुण द्यावेच लागतात. पण मधल्या छोट्या चाचणीत फक्त खूण आणि एक वाक्य लिहून वही परत करून पाहायला हरकत नाही.

होशंगाबादचा धडा

चारही ठाणी एका रेषेत आणण्याचा मोठा प्रयोग आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात झाला आहे. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी 'होशंगाबाद विज्ञान' हा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो राज्य शासनाच्या संमतीने उभा केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्याकडच्या उच्च प्राथमिक वर्गांत, गेला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने त्याची धुरा घेतली.

त्यांचे उद्दिष्ट होते, मुलांनी स्वतः प्रयोग करून निष्कर्ष काढावा. म्हणून 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरांऐवजी प्रयोग आणि प्रश्न होते. म्हणून शाळांना प्रयोगसाहित्याची पेटी मिळाली. म्हणून आठवीच्या परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवून लिहिण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षाही होती. पुस्तक उघडे असेल तर 'व्याख्या लिहा' असा प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही. प्रश्नपत्रिका आपोआप बदलते. मदतीचे ठाणेही त्यांनी विसरले नाही. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण आणि मासिक बैठका होत्या, शाळांना भेटी होत्या. मुलांच्या शंकांना पत्राने उत्तर देणारा 'सवालीराम' होता. शिकवणाऱ्यालाही मदत लागते, हे इथे ओळखले गेले होते.

हा कार्यक्रम शासनाने २००२ साली बंद केला. तीस वर्षे तो चालला, यातून बरेच शिकण्यासारखे आहे; आणि एक मर्यादाही त्यातून दिसते. आठवीनंतर हीच मुले नववीत नेहमीच्या पुस्तकांकडे आणि नेहमीच्या परीक्षेकडे जात. रेषा आठवीपाशी थांबत होती. माध्यमिक शाळेत ती पुढे नेण्याचे काम राहूनच गेले.

आपल्या हातात काय आहे

दहावीची प्रश्नपत्रिका मंडळ काढते, ती आपण बदलू शकत नाही, हे खरे आहे. परीक्षेने पाठांतरापेक्षा मूलभूत क्षमता तपासाव्यात असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे. पण धोरण वर्गापर्यंत यायला वेळ लागतो. नववीची परीक्षा मात्र शाळाच घेते. घटक चाचणी, सहामाही, प्रात्यक्षिकातील तोंडी प्रश्न, हे सारे शिक्षकांच्याच हातात आहे. दहावीच्या आधीचे एक पूर्ण वर्ष आपले आहे.

सुरुवात लहान करावी. मागच्या घटक चाचणीची प्रश्नपत्रिका समोर घ्यावी आणि एका कागदावर चार रकाने आखावेत : ठरवले काय, वर्गात केले काय, विचारले काय, अडलेल्यांना दिले काय. प्रत्येक प्रश्नासाठी चारही रकाने भरून पाहावेत. एखाद्या ओळीत पहिला रकाना रिकामा राहील, म्हणजे तो प्रश्न केवळ सवयीने घातला होता. एखाद्या ओळीत दुसरा रिकामा राहील, म्हणजे जे करून घेतलेच नाही ते आपण विचारले. चौथा रकाना बहुतेक ओळींत रिकामा दिसेल. तिथूनच काम सुरू करावे. शाळेतील विज्ञानाचे दोघे-तिघे शिक्षक एकत्र बसले तर एका दुपारी एक घटक होतो. वर्षाला दोन घटक असे झाले तरी चार-पाच वर्षांत बरेच पुस्तक रेषेत येईल.

आणि पुढच्या वेळी धाराविद्युत शिकवून झाल्यावर सुरुवातीचा पाच बल्बांचा प्रश्न वर्गाला जरूर विचारावा. किती मुलांनी बरोबर क्रम लावला तेवढे मोजावे, आणि चुकलेल्यांनी कारण काय दिले तेही टिपून ठेवावे. पुढचा पाठ कोठून सुरू करायचा, ते त्या कारणांतच सापडेल.